उभ्यानं वाचन

सोलापूर,
२८ जून २०२५

आदरणीय दादास,
विशाखाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुझ्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान मध्येच उपदेश करत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात घणाच्या आवाजात तू जन्म काढलास, कान गेले, आणि आता कानात मशीन घाल म्हटलं तर म्हातारा दिसेन म्हणतोस. निवृत्त झाल्यावर तुला कोणासाठी तरुण दिसायचंय, ते एकदा वहिनीला विचारायला हवं.

माझं दुखणं आहे तसंच आहे. मणक्यांचा संधिवात पाहुणा म्हणून येत नाही, राहायलाच येतो. सकाळी पाठ कांजी घातलेल्या कापडासारखी ताठ असते. जरा हिंडलं-फिरलं की सैल होते, आणि मांडी घालून बसलं की कमरेत कोणीतरी पाना घालून पिळतंय असं वाटतं. ह्यात नवीन काही नाही. नवीन असतात ते बघायला येणारे. गल्लीत डॉक्टर एकही नाही, पण सल्लागार घरटी दोन. एक म्हणते मेथ्या खा, दुसरी म्हणते मेथ्या सोड. एक गृहस्थ तर मला सांगून गेले की दुखणं सगळं मनात असतं. मी म्हटलं, मग थोडं तुमच्या मनात घेऊन जा की. तेव्हापासून ते फिरकलेले नाहीत. इतक्या वर्षांत लागू पडलेला हा एकच उपाय.

दिपक एमआयडीसीत पाळीला जातो, कीर्ती शाळेत शिकवायला जाते. लेक-सून बाहेर पडले की घरात मी आणि पुस्तकं. वाचनालयातून हाताला लागेल ते आणते. खुनाच्या कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, कव्हर नसलेले दिवाळी अंक, काहीही चालतं. वाचताना दुखणं जात नाही, दादा. पण त्याच्याकडे माझं लक्ष नसतं, आणि लक्ष दिलं नाही की ते रुसून कोपऱ्यात बसतं. तू हसशील. हस.

हे झालं घरातलं वाचन. विहारातलं वेगळं. तुझा आणि विहाराचा संबंध जेवणापुरता, म्हणून सांगते. दहा जुलैला आषाढ पौर्णिमा, त्या दिवशी वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू होतो. मग तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन, आणि वाचायची मी. कित्येक वर्षं मीच वाचते आहे. समोर सगळी वस्ती बसलेली असते आणि त्या तासाभरात मी कोणाची 'बिचारी' नसते. मागच्या वर्षी शेवटी शेवटी मला बसवेना, दोन-तीनदा मध्येच उठावं लागलं. त्याचा निकाल परवा लागला.

परवा विहार समितीचे अध्यक्ष सर्वगोड सर आणखी दोघांना घेऊन घरी आले. येताना बिस्किटांचा पुडा आणला होता. माणसं पुडा घेऊन आली की समजावं, काहीतरी काढून न्यायला आली आहेत. सर म्हणाले, वाचणाऱ्यानं आसनावर मांडी घालून बसायची रीत आहे. खुर्ची चालणार नाही, कारण उंच आसन भन्तेजींचं. तेव्हा यंदा मोबाईलवर तयार वाचन मिळतं ते स्पीकरच्या डब्याला जोडून लावू, ताईंनी आता आराम करावा. वर्षातले उरलेले नऊ महिने मी आरामच करते. आणखी किती करायचा असतो, ते त्यांनी सांगितलं नाही. वर चहा पिऊन, आणलेली बिस्किटंही त्यांनीच संपवली.

सरळ सांगते, हे वाचन गेलं तर माझ्याजवळ फक्त पाठ उरेल. मी मान डोलावली, भांडले नाही, आणि त्याचा राग अजून उतरलेला नाही.

तेल पाठवू नकोस. आधीच्या बाटल्या न फोडता रांगेत उभ्या आहेत. वहिनीला जयभीम. लोभ आहे तेवढा असू दे, उपदेश कमी कर.

तुझी,
विशू

*

कुर्डुवाडी,
४ जुलै २०२५

चि. विशूस,
दादाचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून वळणदार आहे, म्हणजे हात शाबूत आहेत. बाकीचं रडगाणं वाचलं. तुझ्या त्या अध्यक्षाच्या आडनावात जेवढी गोडी आहे तेवढीच असावी, पुढं शिल्लक काही दिसत नाही. पण तूही काही कमी नाहीस. जगाला फाडून खातेस आणि तीन माणसं दारात आली की मान डोलावतेस.

मी पुस्तकवाला माणूस नाही. गाड्यांचं वेळापत्रक सोडून मी काही वाचलं नाही आणि त्यावाचून माझं काही अडलं नाही. दिवसभर पडून खुनाच्या गोष्टी वाचायच्या आणि वर म्हणायचं पाठ धरते. धरणारच की.

तरी एक सांगतो. बसता येत नाही ना? मग उभी राहून वाच. वर्कशॉपात लेथवर आम्ही आयुष्यभर उभे राहिलो, मांडी घालून काम करा असं आम्हाला कोणी म्हणालं नाही. समोर कोपर टेकायला काहीतरी पाहिजे. एका पायाखाली वीट घ्यायची, थोड्या वेळानं पाय बदलायचा. गुडघा कडक धरायचा नाही. असं केलं म्हणजे कंबर लई बोंबलत नाही.

पाइप जोडून एक स्टँड करतोय. वर तिरका पत्रा, त्याला खाली कड, म्हणजे पुस्तक घसरणार नाही. माझा जुना जोडीदार मायाप्पा लेकीला भेटायला सोलापूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. निर्गुडीच्या तेलाची बाटलीही देतो. लावायची नसेल तर रांगेत उभी कर.

वहिनी बरी आहे. मी ठणठणीत. माया आहे ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझा दादा,
धोंडिराम

*

सोलापूर,
१४ जुलै २०२५

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम.

स्टँड पोचला. मायाप्पांनी तो खांद्यावरून आणला तेव्हा गल्लीला वाटलं आमच्याकडे मांडव पडतोय. काम पक्कं आहे, रंगसुद्धा नीट दिलास. फक्त एक आहे. त्याच्यापुढे उभी राहिले तर पत्रा माझ्या नाकाला लागतो. पुस्तक ठेवलं की मला त्याची खालची कड दिसते. कीर्ती बघत होती. तिनं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना मला दिसले.

तू कोणाचं माप घेतलंस, दादा? मी एकेकाळी तुझ्याइतकी उंच होते, घरात कोणाला माळ्यावरचं काही हवं असलं की मला हाक मारायचे. ती बाई आता नाही. मणके एकमेकांना चिकटत गेले, पाठीला बाक आला. समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर मला मान वर करावी लागते. दिपकच्या लग्नानंतर तू एकदाही आला नाहीस. दीड तासाचा रस्ता, घरात रेल्वेचा पास, आणि माणसाला बहिणीची उंची माहीत नाही. मला ह्याचं फार वाईट वाटलं, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येईना.

आता हसण्याजोगं सांगते. पौर्णिमेला विहारात मोठ्या थाटात तो डबा लावला. वाचणाऱ्याचा आवाज असा, जणू प्रत्येक शब्द इस्त्री करून आणलाय. सर डोळे मिटून डोलत होते. करुणेचा भाग आला, सगळं चिडीचूप झालं आणि त्याच आवाजापाठोपाठ एक बाई किंचाळून प्रेशर कुकरवर सूट सांगायला लागली. येसूबाई पुढच्याच ओळीत असतात, वय झालंय, ऐकण्यापेक्षा डुलकीवर भर. त्या दचकून जाग्या झाल्या आणि सरांनी धावत जाऊन डबा बंद करेपर्यंत त्यांनी कुकरला हात जोडून तीनदा नमस्कार केला. मी मागे भिंतीला टेकून उभी होते. इतकं हसू दाबलं की पाठीतून कळ निघाली, पण ती कळ परवडली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जाहिरात, प्लायवूडची. तिसऱ्या दिवसापासून माणसं कमी. सरांनी निरोप धाडला की जाहिराती नसलेलं वाचन मिळेपर्यंत ताईंना चालवता आलं तर पाहा, अर्थात रीतीप्रमाणे बसून. म्हणजे पायाला दोरी बांधायची आणि पळ म्हणायचं. मी निरोपाला उत्तर दिलं नाही. मला काय करायचंय ते मला कळलंय, पण तुझा हा खांब नाकाला लागतोय तोवर ते करता येत नाही.

वहिनीचं ठीक असेल. लोभ ठेव, आणि जमलं तर डोळेही उघडे ठेव.

तुझी,
विशू

*

कुर्डुवाडी,
१९ जुलै २०२५

चि. विशूस,
जयभीम आणि आशीर्वाद.

जास्त झाला असेल तर काप. पाइप आहे, ऊस नाही. दिपकला म्हणावं, चिंचोळीच्या एमआयडीसीत कोणाही वेल्डरकडून वीतभर कमी करून आण, खालून कापायचा, वरून नाही. उभी राहिलीस की पत्रा कोपराच्या थोडा वर आला पाहिजे. मान खाली घालून वाचायचं नाही, नजर खाली टाकून वाचायचं.

येण्याचं म्हणशील तर मला इकडं कामं असतात. निवृत्त माणसाला कामं नसतात असं ज्यांना वाटतं, त्यांना घर चालवायचं नसतं.

वाचशील तेव्हा काय झालं ते सगळं लिही. चांगलं झालं एवढंच लिहून पाठवू नकोस, कोण काय म्हणालं, कोणाचं तोंड कसं झालं, सगळं. दुखण्याचं थोडक्यात लिहिलंस तरी चालेल.

दादा

*

सोलापूर,
६ ऑगस्ट २०२५

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

झालं ते सगळं लिही म्हणालास, तर आता चहा घेऊन उभा राहा, लांबणार आहे.

दिपकनं स्टँड कापून आणला. आठवडाभर घरात सराव केला. खुनाची कादंबरी उभ्यानं वाचून काढली, आणि खुनी सापडेपर्यंत कंबर गप्प होती. मग रविवारी संध्याकाळी, डबा लावायच्या आधीच, दिपकला पुढे घालून विहारात गेले. कोणाला विचारलं नाही. आपल्याकडे विचारलं की समिती बसते, आणि समिती बसली की वर्षावास उठतो. दिपकनं स्टँड आसनाच्या बाजूला ठेवला, मी ग्रंथ ठेवला, पायाखाली वीट सारली आणि उभी राहिले. मी घाबरले होते, म्हणून चेहरा गंभीर झाला असावा.

आणि दादा, सगळा विहार उठून उभा राहिला.

मला कळेचना. मग पाहिलं तर सगळ्यांनी माना खाली घातलेल्या, हात पुढे जोडलेले. आपल्या लोकांना तू ओळखतोस. पुढे कोणीतरी पडलेल्या चेहऱ्यानं उभं राहिलं की श्रद्धांजली, दुसरं काही आपल्याला सुचतच नाही. दोन मिनिटं शांततेची म्हणून सगळे उभे. मी वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ संपली, दुसरी संपली. आता मयताचं नाव येईल म्हणून माणसं वाट बघत राहिली. नाव काही येईना. पण खाली बसायचं तर पहिल्यांदा कोणी बसायचं? श्रद्धांजलीत पहिला बसणारा म्हणजे दगडाच्या काळजाचा. सर्वगोड सर स्वतः डोळे मिटून ताठ उभे होते, बाकीचे त्यांच्याकडे बघून उभे होते, आणि ते बाकीचे उभे आहेत म्हणून उभे होते.

मला बसा म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. 'बस की जरा, बसलं की बरं वाटतं', हे मला ह्यातल्या एकूण एक माणसानं ऐकवलंय. म्हटलं, आज तुम्ही उभे राहून बघा. सगळं प्रकरण वाचून संपवलं, एकही ओळ गाळली नाही. आवाज असा लागला होता की माझा मलाच आवडला. कमरेत पाना होता, पण त्याला कोणी पिळत नव्हतं.

ग्रंथ मिटला तेव्हा येसूबाईंनी डोळ्याला पदर लावून सगळ्यांसमोर विचारलं, कोण गेलं गं बाई, लई वेळ उभं केलं ते? मी सांगितलं, कोणी गेलं नाही, मी आहे. मग जो गलका झाला तो विचारू नकोस. सरांचं तोंड कडू कारलं चावल्यासारखं झालं. ते म्हणाले, ही रीत नव्हे, हा विहाराचा अपमान आहे. मी म्हटलं, अपमान कुकरचा झाला होता, त्याची जाहिरात मध्येच बंद केलीत. हे बोलायला नको होतं, पण बोलून फार बरं वाटलं. शेवटी वर्षावासाला आलेले भन्तेजी, जे एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतात, ते म्हणाले की वाचणाऱ्यानं वाचावं, ऐकणाऱ्यानं ऐकावं, पाय ज्याचे त्याचे.

सोमवारी दुप्पट माणसं. निम्मी कोण वारलं ते कळून घ्यायला आली होती. पण दादा, बाकीच्यांकडे बघून मी वाचायचं विसरले. गुडघ्यांनी, कमरेनं धरलेल्या बायका, ज्या खाली बसवत नाही म्हणून विहारात यायच्याच बंद झाल्या होत्या, त्या घरून प्लास्टिकची स्टुलं घेऊन आल्या. कोणी पायरीवर, कोणी पालथ्या बादलीवर, कोणी माझ्यासारखी भिंतीला टेकून. इतकी वर्षं मला वाटत होतं, ह्यांना वाचनाची गोडी नाही. मंगळवारी सरांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं की समितीनं ज्येष्ठांसाठी नवी पद्धत सुरू केली आहे. माणसानं निर्लज्ज असावं तर असं टापटीप असावं. वाचन माझ्याकडे राहिलं, त्यांना पद्धत राहू दे.

दुखण्याचं थोडक्यात: रोज घरी आल्यावर पालथी पडते, कीर्ती शेक देते, अजून तासभर कण्हते. तरी उद्याचं प्रकरण मनात वाचत असते.

विटेचं तुझं खरं निघालं. पाय बदलायचं, गुडघा सैल ठेवायचं, नजर खाली टाकायचं, सगळं खरं निघालं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे कोणी सांगितलं, अगदी बरोबर आहे. आता मला सांग, हे वेळापत्रक वाचून कळतं का?

वहिनीला जयभीम. तुझ्यावरचा राग अर्धा उतरलाय, उरलेला तू आल्यावर उतरेल.

तुझी,
विशू

*

कुर्डुवाडी,
१० ऑगस्ट २०२५

चि. विशूस,
दादाचा जयभीम.

पत्र तीनदा वाचलं. कुकरच्या अपमानाला वहिनी परसातून धावत आली, मी का हसतोय ते बघायला.

विचारलंस ते लिहितो. वेळापत्रक वाचून कळत नाही. मला पण तेच आहे.

निवृत्त व्हायच्या आधीपासून आहे. लेथवर उभं असलं की बरं असायचं आणि घरी येऊन बसलं की मरण. रेल्वेच्या दवाखान्यात फोटो काढले, डॉक्टरनं तुझंच नाव सांगितलं, म्हणजे तुझ्या दुखण्याचं. घरात आणखी कोणाला आहे का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. का म्हणालो ते मला आजही सांगता येणार नाही. थोरल्या भावाला बहिणीचं दुखणं व्हावं, ह्याची लाज वाटली असेल. वहिनीला शपथ घालून गप्प केलं, तिला बोलू नकोस.

दिपकच्या लग्नाला येताना गाडीत बसलो, आणि परत आल्यावर महिनाभर उठलो नाही. त्यानंतर गाडीत बसलोच नाही. पास तसाच आहे. आणि स्टँडचं माप. ते माझंच जुनं माप घेतलं, आपण सारख्या उंचीचे होतो म्हणून. मी वाकलोय हे आरशात दिसतं. तू पण वाकली असशील, हे मला धरायचं नव्हतं.

आता हसू नकोस. तुझी पत्रं मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून वाचतो. नवीन आलं नाही की जुनी काढतो. तू लोकांच्या खोड्या काढतेस, सरळ माणसालाही वाकडं करून मांडतेस, ते वाचताना माझा तेवढा वेळ बरा जातो. बाकी पुस्तकं वाचायची सवय नाही, कुठून सुरू करायचं ते कळत नाही. तेव्हा राग ठेव, पण लिहायचं थांबवू नकोस.

तेलाचा उपयोग होत नाही. सगळी आधी मी लावून बघितली होती. तुझ्यावर चालेल असं वाटायचं.

दादा

*

सोलापूर,
१४ ऑगस्ट २०२५

लबाड दादास,
जयभीम. आदरणीय लिहिणार होते, पण हात वळला नाही.

तुझं पत्र वाचून मी आधी तुला वाटेल ते बोलले, मग वहिनीला बोलले, मग रडले. कीर्तीनं काय झालं विचारलं तर म्हटलं, दादाचं पत्र आलंय. ती म्हणाली, मग रडायचं काय? तिला सांगून टाकलं. तीही रडली. ह्या घरात तुझ्यामुळे स्वयंपाकाला उशीर झाला.

इतकी वर्षं आपण दोघं एकाच दुखण्यानं दोन गावांत कण्हत होतो, आणि तू मला वर तेल पाठवत होतास. शूर म्हणून मिरवणाऱ्या माणसाइतकं मूर्ख जगात कोणी नसतं. सर्वगोड सरांनी निदान माझं वाचन काढून घेतलं होतं, तू माझा भाऊ काढून घेतलास. हे मी सहज माफ करणार नाही, हळूहळू करीन, तुला बघत बघत.

सोमवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. बसणार नाही, दाराशी उभी राहून येईन. दिपक सोबत आहे. संध्याकाळी वाचनाला परत यायचंय, त्यामुळे वहिनीला म्हणावं, मेजवानीच्या नादाला लागू नकोस. पिशवीत तुझ्यासाठी पुस्तक आहे. पहिल्याच पानावर खून होतो, म्हणजे कुठून सुरू करायचं हा प्रश्न तुला पडणार नाही.

जेवण नंतर. आधी आपण दोघं त्या रेल्वेच्या डॉक्टरकडे जाणार आहोत. तो पुन्हा विचारेल, घरात आणखी कोणाला आहे का. मी तुझ्या शेजारी उभी असेन. ह्या वेळी हो म्हण.

लोभ वाढवू नकोस, आहे तेवढा लपवू नकोस.

तुझी,
विशू